बीपीसाठी जवस, कलौंजी, चिया सुरू करताय? आधी मशीन आणि वही आणा

आमच्या आत्याने मागच्या वर्षी कुठलीतरी जाहिरात बघून जवसाच्या तेलाच्या कॅप्सूल मागवल्या, सकाळ संध्याकाळ एकेक, आणि आठवडाभरात बीपीची गोळी बंद करून टाकली. का तर म्हणे "आता नैसर्गिक सुरू केलंय ना, मग केमिकल कशाला". दीड महिन्याने डोकं जड वाटतंय म्हणून तपासलं तर वरचं १७८. आता ठीक आहे, गोळी परत चालू आहे आणि जवसही चालू आहे, पण कॅप्सूल नाही, चटणी. हा लेख त्या दीड महिन्यामुळे लिहितोय, कारण घरात, ऑफिसात, सोसायटीत जो उठतो तो मला विचारतो की बीपीला बिया खाऊ का, कुठल्या खाऊ, किती खाऊ. एकदाच सगळं लिहून ठेवतो म्हणजे पुढच्याला लिंक टाकता येईल.

सगळ्यात आधी बिया नाही, मशीन. दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको, त्याचे आकडे हात जरा इकडे तिकडे झाला की बदलतात. दीड-दोन हजारात चांगलं येतं. पट्टा आपल्या दंडाच्या मापाचा आहे ना ते बघा, साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर घेराला नेहमीचा चालतो, दंड त्याहून जाड असेल तर मोठा मागा, नाहीतर लहान पट्टा जाड दंडाला आवळून बसतो आणि बीपी उगाच जास्त दाखवतो. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू काही नाही, लघवीला जाऊन या, मग पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे गप्प, बायकोशी भाजीचा हिशोब पण नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. दोन वेळा मोजा, मध्ये एक मिनिट सोडून. सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाआधी.

असं सात दिवस करा, वहीत लिहा. पहिल्या दिवशीचे आकडे धरू नका, तेव्हा आपणच मशीनला घाबरलेलो असतो. बाकी सहा दिवसांची सरासरी काढा, तो तुमचा खरा आकडा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ते वाढलेलं बीपी, दवाखान्यात हीच रेघ १४०/९० धरतात. आणि ही सरासरी हातात यायच्या आधी एकही बी तोंडात टाकू नका. हे वाचून लोक हसतात पण विचार करा, सुरुवातीचा आकडाच माहीत नसेल तर तीन महिन्यांनी "मला फरक पडला" हे कशाच्या जोरावर सांगणार? वाटण्यावर? बीपी वाटत नाही, तीच तर त्याची खोड आहे.

मोजताना १८०/१२० च्या वर गेलं तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा. परत तेवढंच आलं आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हात पाय लुळा पडणं यातलं काही असेल तर जवस बिवस सगळं बाजूला, १०८ ला फोन. लक्षण काही नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर.

आता अपेक्षा किती ठेवायची ते. जवसाबद्दल सगळीकडे जी फुशारकी मारली जाते तिचं मूळ बहुतेक वेळा एकाच अभ्यासात असतं. कॅनडातल्या विनिपेगला ११० पेशंटवर केलेला, २०१३ साली छापून आला. सगळे पायाच्या रक्तवाहिन्या आखडलेले लोक होते, अर्ध्यांना रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस आणि बाकीच्यांना तसंच दिसणारं पण जवस नसलेलं खाणं, कोणाला काय मिळतंय ते कोणाला माहीत नाही. सहा महिन्यांनी जवसवाल्यांचं वरचं बीपी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे १० ने आणि खालचं सुमारे ७ ने कमी निघालं, आणि ज्यांचं वरचं मुळातच १४० च्या पुढे होतं त्यांचं १५ च्या आसपास उतरलं. हे खरंच दणदणीत आहे, खोटं नाही. पण जाहिरातवाले पुढचं सांगत नाहीत. एक तर ३० ग्रॅम म्हणजे चार मोठे चमचे भरून पावडर, रोज, सहा महिने. दुसरं म्हणजे त्यातल्या बऱ्याच जणांच्या बीपीच्या गोळ्या चालूच होत्या, गोळ्यांच्या जागी नव्हे तर गोळ्यांच्या जोडीला जवस होतं. आणि २०१६ मध्ये जवसाच्या १५ चाचण्यांचे आकडे एकत्र केले तेव्हा सरासरी घट निघाली वरच्यात जेमतेम ३ आणि खालच्यात अडीचच्या आत, ती पण जे १२ आठवड्यांपेक्षा जास्त टिकले त्यांच्यात जास्त. तुलनेला सांगतो, बीपीची एक साधी गोळी नेहमीच्या डोसात वरचं ९-१० ने खाली आणते. म्हणजे १३८ असेल आणि १३४ करायचं असेल तर बियांना जरूर संधी द्या, १६५ चं १३० बियांवर करू म्हणत असाल तर नाद सोडा.

कलौंजीचंही तसंच, २०१६ सालीच ११ चाचण्यांची एकत्र बेरीज आली, वरचं खालचं दोन्ही साधारण ३ ने. चियावर टोरांटोला मधुमेह असलेल्या २० जणांवर काम झालं होतं, २००७ मध्ये छापलं, रोज ३७ ग्रॅमच्या आसपास चिया १२ आठवडे, वरचं साधारण ६ ने उतरलं, पण वीसच माणसं, त्यामुळे त्यावर घर बांधू नका. मेथी साखरेसाठी जास्त कामाची. अळिवाचं बीपीवरचं काम मुख्यतः उंदरांवर झालंय आणि आपण अळीव खातो ते गूळ, तूप, नारळ घालून लाडवात, तेव्हा बीपीच्या नावाखाली लाडू खाऊ नका, लाडू म्हणून खा. भोपळ्याच्या बिया चांगल्या, फक्त खारवलेलं पाकीट नको.

नवीन माणसाला मी जवसच सांगतो. स्वस्त आहे, आपल्या विदर्भ मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या पोळीभाकरीसोबत खाल्लं जातं, आणि बाकीच्यांपेक्षा अभ्यास जास्त झालाय. काम कसं करतं तर त्यात तीन गोष्टी आहेत, एक अल्फा लिनोलेनिक नावाचं ओमेगा थ्री, दोन लिग्नन नावाची वनस्पतीतली संयुगं, तीन चिकट विरघळणारा चोथा. त्या ओमेगा थ्रीमुळे रक्तवाहिन्या आखडवणारी काही रसायनं शरीरात कमी तयार होतात असं विनिपेगच्याच लोकांनी नंतर दाखवलं. कॅप्सूलमध्ये यातलं फक्त तेल येतं, चोथा नाही, लिग्नन जवळपास नाहीच. १००० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे १ ग्रॅम तेल, त्यात निम्मं ओमेगा थ्री. दोन मोठे चमचे जवस पावडरीत, म्हणजे १४-१५ ग्रॅममध्ये, पाच-सहा ग्रॅम तेल आपोआप येतं, वर चोथा फुकट. आत्याच्या दोन कॅप्सूलचा महिन्याचा खर्च आणि किलोभर जवसाचा भाव शेजारी शेजारी लिहून बघा, मी लिहिलाय, मग आत्याला काही बोललो नाही.

खरेदी. इथे नावांचा जो घोळ आहे तो आधी सोडवू, कारण अर्धी फसगत दुकानातच होते. जवस आणि अळशी एकच, कोकणाकडे अळशी म्हणतात. अळीव वेगळं, लालसर बारीक, भिजवलं की बुळबुळीत होतं. नावं सारखी म्हणून लोक अळशी मागून अळीव घेऊन येतात. कारळं म्हणजे खुरासणी, लांबट काळं चकचकीत, चटणीचं, ते कलौंजी नव्हे, इंग्रजीत एकाला नायजर आणि दुसऱ्याला नायजेला म्हणतात त्यामुळे ऑनलाइन मागवताना हा गोंधळ फार होतो. कलौंजी कोनदार, मॅट काळी, नानवर टाकतात ती. तिला काही दुकानदार कांद्याचं बी म्हणतात, पण खरं कांद्याचं बी शेतात पेरायचं असतं, त्याला औषध लावलेलं असू शकतं, त्यामुळे कृषी केंद्रातलं बी खायला आणू नका. शहाजिरं वेगळं, कडू जिरं आणखी वेगळं. चिया आणि सब्जा पण वेगळे, सब्जा एकसारखा काळा आणि पाण्यात पडल्या पडल्या फुगतो, चिया करडा-पांढरा ठिपकेदार आणि सावकाश फुगतो. चियाचे आकडे सब्ज्याला लावायचे नाहीत.

आणि एक, हे हसण्यावारी नेऊ नका, हार्डवेअरच्या दुकानात जे जवसाचं डबल बॉइल्ड तेल मिळतं ते लाकडाला लावायचं आहे, लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. "शुद्ध जवस तेल" वाचून एक गृहस्थ ते घेऊन आले होते, नशिबाने वासावरून घरच्यांनी ओळखलं.

डबाबंद सप्लिमेंटच घ्यायचं असेल तर लेबल वाचा. खाद्यपदार्थ म्हणून विकत असतील तर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर हवा, आणि हेल्थ सप्लिमेंट असेल तर त्यावर ते औषधी वापरासाठी नाही असं लिहावंच लागतं. म्हणजे बघा, पुढच्या बाजूला हृदयाचं चित्र आणि मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात हे औषध नाही. आपल्याकडे १९५४ चा एक कायदा आहे, जादूटोण्याच्या नि चमत्कारी औषधांच्या जाहिरातींबद्दलचा, त्याच्या यादीत हाय आणि लो बीपी दोन्ही आहेत, त्यामुळे "बीपी मुळापासून घालवा" अशी जाहिरात दिसली की माल कसाही असो, विकणारा कायदा मोडतोय एवढं नक्की.

सुट्ट्या "बीपी चूर्णा"पासून तर चार हात लांब. त्यात बियांबरोबर काय काय असतं ते बघा. ज्येष्ठमध असेल तर ते जास्त दिवस खाल्ल्याने शरीरात मीठ पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी उलट चढतं. सर्पगंधा असेल तर ते खरंच बीपी उतरवतं, गंमत नाही, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवर लिहिलं आणि तिथून जगाला ते कळलं, पुढे तिच्यातून रेसरपिन नावाचं बीपीचं औषध निघालं. पण मग ते औषध झालं ना, डोस आला, साइड इफेक्ट आले, नाडी मंदावते, मन उदास होतं. असं काही पुडीत न सांगता घातलं असेल आणि वर तुमची नेहमीची गोळी चालू असेल तर चक्कर येऊन पडाल. वनस्पतीत दम नसतो असं माझं म्हणणंच नाही, दम असतो म्हणूनच किती आणि कशासोबत हे विचारायचं.

सुरू करायच्या आधी डॉक्टरांना कोणी विचारायचंच विचारायचं: रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असलेल्यांनी, म्हणजे वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन. ऑपरेशन ठरलेलं असेल त्यांनी. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल आणि मेथी किंवा कलौंजी घ्यायची असेल तर, कारण शुगर एकदम खाली जाऊ शकते. किडनीचा त्रास असेल तर. आतडं अरुंद झालंय किंवा कधी अडकलंय असं सांगितलं असेल तर. गरोदर बाई असेल तर कलौंजी मेथीचे अर्क, कॅप्सूल नको, फोडणीतली चिमूट वेगळी. लोक लाजतात, "डॉक्टर हसतील" म्हणून. डॉक्टर हसत नाहीत, फार तर एक भुवई वर करतात.

आता करायचं कसं. एका वेळी पाव किलो जवस निवडून घ्या, खडे काडी असते. कोरडंच मंद आचेवर भाजा, तडतडायला लागलं की पुरे, करपवू नका. भाजल्याने गुण जातो का असं विचारतात, तर त्या कॅनडावाल्यांनी पावडर बन, मफिन, पास्ता अशा शिजवलेल्या भाजलेल्या पदार्थांतूनच दिली होती. उलट कच्च्या जवसात सायनाइडशी संबंधित घटक थोडे असतात ते भाजल्याने कमी होतात. गार करून मिक्सरमध्ये फिरवा, थांबत थांबत, नाहीतर तेल सुटून गोळा होतो.

दळायचं मात्र नक्की. अख्खं जवस जसं आत जातं तसंच बाहेर येतं, साल इतकं टणक. मी स्वतः पहिला महिनाभर मुखवासासारखं अख्खं खात होतो, बडीशेपेत मिसळून, तेही न चावता, आणि वर लोकांना सांगत होतो की मी जवस सुरू केलंय. पावडर हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये, आठवडा दोन आठवडे पुरेल इतकीच करा. खवट वास, ऑइलपेंटसारखा, आला तर सरळ टाकून द्या.

पहिला आठवडा रोज एक छोटा चमचा. पोट काय म्हणतं बघा, गॅस होणार, पहिल्या काही दिवसांत पोट गुरगुरतंच. दुसऱ्या आठवड्यात एक मोठा चमचा, म्हणजे साधारण ७ ग्रॅम. पोट बरं असेल तर चौथ्या आठवड्यापर्यंत दोन मोठे चमचे, आणि घरच्या घरी करणाऱ्याने तिथेच थांबावं असं माझं मत. ३० ग्रॅमला सुमारे १६० कॅलरी होतात, त्या दुसरीकडे कुठे कमी केल्या नाहीत तर वजन वाढेल आणि वजनाबरोबर बीपी. ताकात घाला, भाजीवर भुरभुरवा, कणकेत मळा, ज्वारीच्या पिठात मळा, कशातही जातं. पाणी वाढवा, चोथा कोरड्या पोटी आतड्यात सिमेंट होतो. चिया घेत असाल तर आधी भिजवूनच, अमेरिकेत एका ३९ वर्षांच्या माणसाने चमचाभर कोरडं चिया खाऊन वर ग्लासभर पाणी प्यायलं, ते अन्ननलिकेतच फुगून अडकलं आणि दुर्बीण घालून ढकलावं लागलं. कलौंजी दिवसाला अर्धा छोटा चमचा, कुटून, बास.

गोळ्या आणि बियांमध्ये अंतर ठेवा, गोळीआधी नाहीतर गोळीनंतर दोन तास. चोथा गोळीला धरून ठेवतो आणि ती रक्तात कमी उतरते. सकाळी गोळी, दुपारच्या जेवणात जवस, हे सोपं जमतं.

चटणीबद्दल बोलायचंच होतं. लसूण, लाल तिखट, जिरं घातलेली जवसाची चटणी आणि गरम भाकरी, याला तोड नाही, पण मीठ मोजा. वाटीभर जवसाला, म्हणजे साधारण १०० ग्रॅमला, चमचाभर म्हणजे ५ ग्रॅम मीठ पडलं तर दोन मोठे चमचे चटणीत पाऊण ग्रॅम मीठ गेलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, आणि आपलं लोणचं, पापड, आमटी अजून यायचीय. म्हणजे बीपी उतरवायला जवस खायचं आणि त्यातल्याच मिठाने परत चढवायचं. मी मीठ निम्मं करतो, आमचूर किंवा चिंचेचा कोळ वाढवतो, आठ दिवसांत जिभेला सवय होते. कमी सोडियमचं मीठ आणायचं डोक्यात असेल तर थांबा, त्यात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांच्यासारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

हे बारा आठवडे करायचं. रोज मोजत बसू नका, वेड लागेल, दर महिन्याला एक आठवडा सकाळ संध्याकाळ मोजा आणि सरासरी लिहा. या काळात दुसरं काही नवीन सुरू करू नका. एकाच वेळी जवस, चालणं, मीठ बंद, योगा सगळं धरलं तर तब्येतीला बेस्ट, फक्त मग फरक जवसाचा असं छाती ठोकून सांगू नका. वहीच्या कडेला गुडघेदुखीची गोळी, सर्दीची गोळी कधी घेतली ते पण टिपा, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणि नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या बीपी चढवतात आणि दोष बिचाऱ्या जवसाला जातो.

बारा आठवड्यांनी सरासरी ३-४ ने खाली असेल तर तेवढंच अपेक्षित होतं, चालू ठेवा. काहीच हललं नसेल तर आवडत असेल तर खा, नाहीतर सोडा. वरचं सारखं ११० च्या खाली यायला लागलं, उठताना डोळ्यापुढे अंधारी येते असं झालं तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, गोळीचा डोस कमी करायचा का ते ते ठरवतील. आपल्या मनाने बंद करायची नाही, विशेषतः अटेनोलोल, मेटोप्रोलोल जातीच्या गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी आणि नाडी उसळी मारतात. आत्याला डॉक्टरांनी वही बघून गोळी तीच ठेवली, फक्त वेळ बदलली, आणि जाताना चटणीची कृती लिहून मागितली, कमी मिठाची.